वाढत्या अंगाची कमान

लखनौच्या अलीगंजातल्या घराची किल्ली चार वाजता द्यायची ठरली होती आणि मी सकाळी नऊपासूनच तिथे येऊन बसलो होतो. आवरायला काही उरलं नव्हतं. सामान गेल्या महिन्यात पुण्याला गेलं, रद्दी रद्दीवाल्याने नेली, आणि बाबांची वेताची खुर्ची समोरच्या मिश्राजींनी ‘भाई साहब की निशानी’ म्हणून मागून घेतली. घरात मी, एक झाडू, पाण्याची बाटली आणि भिंतीवरची कमान असे चौघेच होतो. पैकी झाडू कामाचा होता.

पुढच्या खोलीत ट्यूबलाइटच्या खाली दोन खिळ्यांवर ती आडवी टांगलेली होती. धनुष्यच ते, पण ज्यांनी बनवलं ते ‘कमान’ म्हणायचे म्हणून आमच्याकडेही तोच शब्द पडला. बांबूची, माझ्या खांद्याला लागेल एवढी लांब, वर लाखेचा रंग. लाख एकेकाळी डाळिंबी होती, आता जुन्या विटेसारखी झाली आहे. मुठीपाशी काळा दोरा गुंडाळलेला, आणि वरच्या टोकाला हळदकुंकवाचा इतका जाड थर की नखाने खरवडला तर खंडेनवम्या मोजता याव्यात. सामान बांधायला आलेल्या माणसाने विचारलं होतं, साहब, ये भी? मी ऐटीत म्हटलं, ही मी हातातून नेईन. विमानात धनुष्य घेऊन कोण चढू देणार आहे, हे मला नंतर सुचलं. मला बहुतेक गोष्टी नंतरच सुचतात. या कमानीची सगळी हकीकत त्यातच आली.

आमच्या घरात प्रत्येक वस्तू वाढत्या अंगाची घेतली जाई. आम्ही मूळचे सांगलीकडचे. बाबा लखनौच्या एका सरकारी प्रयोगशाळेत पिकांच्या रोगांवर काम करायचे. दिवसभर इंग्रजीत शास्त्रज्ञ असायचे आणि दुकानात शिरले की पुन्हा काटकसरी सांगलीकर. माझी सायकल सातवीत घेतली आणि पाय टेकले दहावीत. मधली तीन वर्षं मी नळीखालून पाय घालून, एका कुशीवर कललेल्या बोटीसारखा अलीगंजभर हिंडलो. बुटांच्या पुढे कापूस. स्वेटरच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. धाकट्या रेवाच्या शाळेच्या स्कर्टला आई वीतभर दुमड घालायची आणि दर जूनमध्ये ती थोडी थोडी उसवायची. उसवल्याच्या फिकट रेघा एकाखाली एक राहायच्या, त्यावरून रेवा कितवीत आहे ते सांगता यायचं. एखादा कपडा अंगाला नेमका बसला की आईच्या चेहऱ्यावर काळजी दिसायची, की हा आता संपत आला. चष्मा तेवढा ज्याच्या त्याच्या नंबराचा घेत. तोही नाइलाजाने.

रेवा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिचा जन्म लखनौचाच, त्यामुळे तिला मराठी सगळं कळायचं आणि उत्तर हिंदीत यायचं. आई तिला सांगून थकली की मला दादा म्हण. ती म्हणायची, ‘हाँ, भैया को दादा बोलूँगी,’ आणि पळायची. त्या घरात तिचं पळणं फार होतं. जिन्यावर पळणं, गच्चीवर पळणं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी लखनौत जमघट असतो, आभाळ पतंगांनी भरून जातं, आणि माणसं जेवायलाही खाली उतरत नाहीत. त्या दिवशी एका कापलेल्या पतंगामागे पळताना ती गच्चीच्या कठड्यावरून मिश्राजींच्या शेडवर आणि शेडवरून त्यांच्या तुळशीत पडली. डावं कोपर सरकलं. मी तेव्हा अकरावीत होतो आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. लक्ष मी पतंगावर ठेवलं होतं.

सणाचे दिवस, डॉक्टर जागेवर नाहीत. मिश्राजी म्हणाले, चौकात मुन्ने चाचांकडे न्या. असे आम्ही चौकात, म्हणजे जुन्या लखनौत, पोचलो. मुन्ने चाचा हाडं बसवायचे. त्यांच्या घराण्यात मुळात कमानी करायचा धंदा, पण कमानी घेणारं कोणी उरलं नाही तेव्हा कधीतरी घराण्याने बांबूबरोबर हाडंही हातात घेतली. ते म्हणायचे, दोन्हीत काम एकच, कुठवर वाकेल ते हाताला कळायला हवं. गल्लीत कोळशाच्या शेगडीचा आणि मोहरीच्या तेलाचा वास. त्यांच्या खोलीत हळदीचा, लाखेचा, ओल्या बांबूचा. रेवा ओरडण्याच्या आतच त्यांनी कोपर बसवलं होतं, आणि ती ओरडली तेव्हा ते बांबूच्या चार कामट्या तासून पट्टी बांधायला लागलेही होते. त्याच बांबूच्या कमानी त्यांच्या मागे भिंतीवर होत्या. रडता रडता ती त्या बघत होती. पट्टी पुरी व्हायच्या आत तिने विचारलं, ‘ये चलती है?’ चाचा म्हणाले, चलाने वाला हो तो.

त्या थंडीत रेवा एका हाताने जगली. धुकं इतकं की समोरचं मिश्राजींचं घर दुपारपर्यंत उगवायचं नाही. आई रजईत बसून तिला शेंगा सोलून द्यायची आणि ती खाता खाता कमानीबद्दल बोलायची. पट्टी सुटली तेव्हा कोपर सरळ होईना. चाचांनी तेलाची मालीश सांगितली आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात या, मग हिला कमान देऊ. ‘डावा हात कमान धरेल, उजवा खेचेल, कोपर आपोआप उघडेल. पुढचं मी शिकवीन.’ ते असं सहज म्हणाले, आणि रेवाने ते शब्द कानातल्या डुलांसारखे घालून ठेवले. शाळेत सांगितलं, गल्लीत सांगितलं, देवासमोर सांगितलं. मुन्ने चाचांकडून कमान शिकायची. मी तिला इतकं काही मागताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

जानेवारी संपता संपता आम्ही तिघं बाबांच्या स्कूटरवर चौकात गेलो. पुढे रेवा, मागे मी. वाटेत बाबांनी थांबून मलाई मक्खन घेऊन दिलं, पिवळा फेस, पानाच्या द्रोणात, जिभेवर ठेवला की नाहीसाच होणारा. बाबा दर वेळी म्हणायचे, पैसे देऊन हवा खातात हे लोक. आणि दर वेळी द्रोण चाटायचे.

चाचांनी रेवाला समोर उभं केलं. तिचे खांदे दाबून पाहिले, दंड चिमटीत धरला, छातीच्या मध्यापासून बोटाच्या टोकापर्यंत सुतळीने माप घेतलं. शिंपी घेतो तसं नव्हे. हळू, मध्ये मध्ये डोळे मिटून. मग आत जाऊन एक कमान आणली. रंग नाही, लाख नाही, नुसता कोवळा पिवळा बांबू. काठीसारखी साधी, जेमतेम रेवाच्या कपाळापर्यंत येणारी. रेवाने ती धरली. पहिल्या खेपेला दोरी हनुवटीपर्यंत आली. दुसऱ्या खेपेला, कोपर थोडं वाकडंच ठेवून, तिने ती कानापर्यंत नेली आणि तिथे धरून आमच्याकडे मान न वळवता नुसते डोळे वळवले. ती हसत होती. दात नुकते पडलेले, दोन पुढचे.

आज रिकाम्या खोलीत बसून मला वाटतं, तेव्हाच ती कमान घेऊन उठायला हवं होतं. घरी जायला हवं होतं.

बाबांनी विचारलं, ये कितने दिन चलेगा? चाचा म्हणाले, वर्षभर. मग हिचा हात वाढेल, तेव्हा दुसरी करून देईन, मग तिसरी. बाबांचा चेहरा मला पाठ आहे. नवीन स्कर्ट बेतशीर बसल्यावर आईचा व्हायचा, तसा. भिंतीवर डाळिंबी लाखेची ती मोठी कमान होती. बाबा म्हणाले, मग तीच द्या ना, एकदाच काय ते. चाचा थोडे हसले. ‘साहब, कमान जूता नहीं है कि आगे रुई ठूँस लेंगे।’ बाबांनाही हसू आलं, कारण रेवाच्या बुटात त्या वेळी कापूस होता. पण ते हटले नाहीत. मग चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, भैया, आप पढ़े-लिखे हैं, आप ही समझाइए.

मला त्या वयात कोणी आप म्हणत नसे. मिसरूड नुकतं फुटलेलं. मी उठलो, भिंतीवरची लाल कमान काढली, चाचांनी तिची दोरी चढवून दिली, आणि मी ती खेचून पाहिली. जेमतेम नाकापर्यंत आली. सोडायची नाही, हळू परत न्यायची, असं चाचांनी बजावलं होतं, तसं केलं. त्यांनी दोरीला नखाने टिचकी मारली आणि ती तुणतुण्यासारखी वाजली, खोलीभर. इतकी सुंदर वस्तू मी तोवर हातात धरली नव्हती. मी म्हणालो, बाबा, हीच घेऊ या. रेवा काय, वाढेलच.

 रेवाने पिवळी कमान चाचांना परत दिली, दोन्ही हातांनी.

चाचांनी मग अटी घातल्या. तीर ते देणार नाहीत. त्यांनी कोनाड्यातून तीन बारके तीर काढून तिला दाखवले आणि पुन्हा तिथेच ठेवले: ‘कान तक खींच लो, फिर आना। ये तुम्हारे हैं।’ दोरी रिकामी सोडायची नाही, कमान फुटते. आणि काम झालं की दोरी उतरवून ठेवायची, रोज. कमानही थकते, म्हणाले. बाबांनी मान हलवली. शास्त्रज्ञ लोक ऐकताना फार छान मान हलवतात.

पहिल्या रात्री बाबांनी दोरी उतरवली. दुसऱ्या दिवशी चढवायला गेले. चाचा ती मांडीमागून घालून एका झटक्यात चढवायचे. बाबांनी तसंच केलं आणि कमान फिरून त्यांच्या चष्म्यावर बसली. भुवईवर टेंगूळ, चष्म्याची एक काच बुटांच्या कप्प्याखाली. मी प्रयत्न केला तर कमान माझ्या हातून सुटून आईच्या मेतकुटाच्या बरणीवर गेली. मग बाबा ती स्कूटरला आडवी बांधून चौकात घेऊन गेले, रस्ताभर लोकांना टोचत. चाचांनी चढवून दिली. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेनंतर आई म्हणाली, राहू दे आता चढवलेली, रोज कोण उतरवणार नि कोण चढवणार. बाबांनाही पटलं. म्हणाले, तशीही उतरवली की नुसती काठी दिसते. लहान कमान असती तर रेवाने ती स्वतःच उतरवली-चढवली असती, हे कोणी म्हणालं नाही. मला अर्थातच नंतर सुचलं.

बाबांनी भिंतीत दोन खिळे ठोकले. आणि मग त्यांनी ते केलं जे दुसऱ्या कुठल्या बापाने केलं नसतं. भिंतीतल्या कपाटाच्या दाराला आतून ग्राफ पेपर चिकटवला. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर इंच. दर रविवारी सकाळी रेवा कमान खेचणार, बाबा फूटपट्टी धरणार, दोरी किती आली तो ठिपका पेन्सिलने नोंदवणार. वर एक लाल आडवी रेघ, तिच्यापुढे त्यांच्या वळणदार अक्षरात ‘कान’. रेवा वाढली तसा तिचा कानही लांब जायला लागला, त्यामुळे ती रेघ दोनदा वर सरकवावी लागली. बाबांना त्याचा फार आनंद झाला.

सुरुवातीचे ठिपके जमिनीलगत आहेत. चार इंच. चार. साडेचार. रेवाचे दंड थरथरायचे, ओठ आत ओढलेले असायचे. इतक्या कमी खेचण्यात कोपर काय उघडणार; ते बोटभर वाकडं राहिलं ते राहिलंच. पण ती खेचायची. उन्हाळ्यात लू, ते भाजणारं वारं, सुटायच्या आत, पहाटे गच्चीवर. खाली कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास, कोणाच्या तरी घरी नळाला पाणी आल्याचा आवाज. ज्येष्ठातल्या मंगळवारी, हनुमानाच्या ‘बड्या मंगळी’, सगळं अलीगंज लाउडस्पीकरने दुमदुमायचं, रस्त्याच्या कडेला मांडवांत पूरी-सब्जी आणि सरबत वाटायचे, आणि रेवा शर्यत लावल्यासारखी खेचून संपवून खाली पळायची. पावसाळ्यात दोरी सैल पडायची, बाबा तिला मेण लावायचे. पेरूंचा वास आला की सहामाही परीक्षा. मग दसरा.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा. त्याआधी आमच्याकडे शस्त्र म्हणजे विळी, कात्री, बाबांचा पेचकस आणि स्कूटर. आई त्यांनाच हळदकुंकू वाहायची आणि नंतर दिवसभर कोणी हात लावायचा नाही, त्यामुळे त्या दिवशी भाजी आदल्या दिवशी चिरलेली असे. कमान आल्यावर आईला पहिल्यांदा खरं शस्त्र मिळालं. मराठी मंडळातली चार घरं मुद्दाम बघायला यायची. सोनं म्हणून द्यायला आपट्याची पानं लखनौत मिळत नसत. आम्ही कचनारची आणायचो. बाबा प्रत्येकाला सांगायचे, एकाच कुळातली आहेत, चालतं. मग कपाट उघडून आलेख दाखवायचे. ठिपके वर चालले होते. पहिल्या वर्षी हळू, दुसऱ्या वर्षी जरा बरे, तिसऱ्या वर्षी भराभर. बाबा म्हणायचे, बघा, पोरीने कसा जोर धरलाय. पाहुणे मान हलवायचे. तो ग्राफ पेपर अजून तिथेच आहे, कडा कसरीने खाल्ल्या आहेत, ‘कान’ शाबूत आहे.

चौथ्या दसऱ्याला मी कानपूरच्या कॉलेजातून सुट्टीला आलो होतो. माझ्याकडे उसना कॅमेरा होता. आदल्या दिवशी पुजलेली कमान रेवाने उचलली. अकरा वर्षांची, दोन वेण्या, स्कर्टची सगळी दुमड उसवून संपलेली. तिने श्वास घेतला आणि दोरी थेट कानापर्यंत नेली. थरथरली नाही. बाबांच्या हातातून फूटपट्टी पडली. त्यांनी शेवटचा ठिपका मारला तो लाल रेघेच्या चक्क वर. आई देवापुढे उभी राहिली. बाबा चप्पल न घालता गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि बालूशाही घेऊन आले, मिश्राजींना, दूधवाल्याला, समोरून जाणाऱ्या एका अनोळखी माणसाला वाटली. म्हणत होते, जी कमान मला खेचता येत नाही ती माझ्या मुलीने खेचली. त्यांनी स्वतः ती शेवटची कधी खेचून पाहिली होती, ते आम्ही कोणी विचारलं नाही.

त्याच दुपारी आम्ही चौकात. मुन्ने चाचा उन्हात खाटेवर बसलेले, अंगावर रजई, डोळ्यांत पांढरट पडदा. बाबांनी बालूशाही पुढे केली आणि हिंदी-मराठीच्या खिचडीत सगळं सांगितलं. चाचांनी कमान मांडीवर घेतली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठा फिरवला, फार हळू. मग दोरीला टिचकी मारली. ती वाजली नाही. ओला कपडा झटकावा तसा आवाज आला. मला वाटलं, दमट हवा असेल.

चाचांनी कमान बाजूला ठेवली. मग म्हणाले, माशाअल्लाह, बिटिया बड़ी हो गई. आणि म्हणाले, ये बिटिया, आत ये, कोपर बघू. ती दोघं आत गेली. आम्ही बाहेर चहा घेतला. बाबा शिकवणी कोणत्या वारी ठेवावी याचा विचार करत होते. रविवार बरा, म्हणाले. मी कॅमेऱ्याशी खेळत होतो. उघड्या दारातून मला कोनाडा दिसत होता. ते तीन बारके तीर तिथेच होते, धुळीने एकमेकांना चिकटलेले.

ती दोघं बाहेर आली. चाचांनी बाबांचे हात हातात घेतले आणि माफी मागितली. आता डोळ्यांना निशाणच दिसत नाही, कसं शिकवू, वादा राहिला माझा, असं म्हणाले. बाबा म्हणाले, छे छे, तब्येत सांभाळा. परत येताना रेवा स्कूटरवर आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. घरी आल्यावर तिने स्टुलावर चढून कमान स्वतः खिळ्यांवर टांगली. पुन्हा कधी काढली नाही. आम्हाला वाटलं, वय झालं तिचं, आता बास्केटबॉल खेळते. एकही तीर न सोडता तिची कमान संपली, हे त्या वेळी मोजायला आमच्याकडे फूटपट्टी नव्हती.

बाबा मात्र शेवटपर्यंत ती गोष्ट सांगत राहिले. दवाखान्यात, सलाईन लावायला आलेल्या नर्सलाही. ‘मेरी बेटी ने वो कमान खींची जो मैं नहीं खींच सका।’

साडेतीनला मी ती खिळ्यांवरून उतरवली. गेलं वर्षभर माझा उजवा खांदा धरलेला आहे. शर्ट घालायला बायको लागते, आणि फिजिओथेरपीची मुलगी मला ‘काका, अजून थोडं’ म्हणत रडवते. उगाच गंमत म्हणून मी मूठ धरली आणि दोन बोटांनी दोरी ओढली. ती आली. नाक गेलं, गाल गेला, कानाशी येऊन थांबली, मऊ, काही न म्हणता. खांदा दुखलासुद्धा नाही. क्षणभर मला इतका आनंद झाला. मला वाटलं, फिजिओथेरपीचा गुण आला.

बाबांचा मुलगा आहे मी.

मग मी दोरी हळू परत नेली, खाली फरशीवर बसलो आणि रेवाला फोन लावला. ती पुण्यातच असते, आमच्यापासून वीस मिनिटांवर. आता तिचं मराठी माझ्यापेक्षा साफ आहे आणि ती मला दादा म्हणते. मी सांगितलं, कमान माझ्या हातून कानापर्यंत आली.

ती म्हणाली, ‘दादा, ती केव्हाच गेलीय.’

तुला माहीत होतं, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘चाचांनी सांगितलं, कोपर बघायला आत नेलं तेव्हा. त्यांनी एवढंच विचारलं, की त्या तीन खेपांनंतर ही कधी कोणी उतरवली होती का. मी नाही म्हटलं. मग म्हणाले, बिटिया, हाथ तुम्हारा नहीं बढ़ा, ये थक गई है. मी म्हटलं, मग मला दुसरी करून द्या ना, लहान. त्यांनी नुसते हात पुढे केले. इतके थरथरत होते दादा, की मीच ते धरले. म्हणाले, अब्बा से मत कहना, बड़े शौक़ से लाए थे.’

मी म्हटलं, मला तरी सांगायचंस. ती म्हणाली, ‘बाबा बालूशाही वाटून आलेले. आणि तू माझे फोटो काढत होतास.’

मी म्हणालो, लाल कमान मीच निवडली होती रेवा. माझ्यासाठी.

‘माहितेय,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. मागे तिच्या कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बारीक केला, परत आली. विचारलं, तिचा चिल्ला, म्हणजे दोरी, अजून चढवलेलीच आहे? मी हो म्हटलं.

‘भैया,’ ती म्हणाली. किती वर्षांनी, ते मला मोजता आलं नाही. ‘अब तो उतार दो उसको।’

मी ती चाचांसारखी मांडीमागून घातली. जोर लावायची तयारी केली होती, पण लागलाच नाही. दोरीचं टोक खाचेतून आपणहून निसटलं. कमान फरशीवर ठेवली. दोरी उतरली तरी चढवलेली असल्यासारखी कमान वाकलेलीच राहिली. बाबा म्हणायचे तशी नुसती काठीही दिसेना.

चार वाजायला अजून वीस मिनिटं होती. सरळ व्हायला तिला वेळ लागत असेल म्हणून मी समोर बसून वाट पाहिली.